सोयाबीन खरेदीतील ओलावा, तारण कर्ज आणि बियाणे : अल्पभूधारकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, लातूर.

विषय : २०२५-२६ च्या खरीप हंगामात सोयाबीन खरेदी व बियाण्याबाबत करावयाच्या उपाययोजना.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे औसा तालुक्यातील शेतकरी. बहुतेकांची जमीन पाच एकरांच्या आत, सगळी कोरडवाहू, आणि खरिपात पैसा देणारे पीक एकच, सोयाबीन. यंदा केंद्राने हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. गेल्या हंगामात तो ४,८९२ होता, पण आमच्यातल्या फार थोड्यांच्या पट्टीवर तो आकडा उमटला. भाव जाहीर होतो आणि माल त्याखाली जातो, हे का घडते ते आपल्यापुढे मांडतो.

रास होते ऐन परतीच्या पावसात. बनीम झाकायला ताडपत्री असते, पण वाळवायला खळे नसते आणि ऊनही नसते. त्याच वेळी दिवाळी तोंडावर येते, हरभऱ्याच्या पेरणीला पैसा लागतो आणि दुकानदाराची उधारी उभी असते. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. गेल्या हंगामात एका केंद्रावर आमच्यापैकी एकाचे कट्टे गाडीतून उतरवले, मापकाने १४ दाखवले आणि माल परत भरायला सांगितला. भाडे दोनदा, हमाली दोनदा. परत नेण्याची ऐपत नसल्याने त्याने तो त्याच दिवशी अडतीवर मिळेल त्या भावाला घातला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु तोवर दोन-तीन एकरवाल्यांचा माल विकून झाला होता. ज्यांना थांबणे परवडले, त्यांनाच सवलत मिळाली. पुढे बारदान संपले म्हणून काटे थांबले, ते वेगळेच.

यावर आमचे म्हणणे साधे आहे. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८५ किलो असतो. तोच १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर सुमारे ९६ किलो ६०० ग्रॅम भरतो. म्हणजे घट साडेतीन किलोंच्या आत, आणि यंदाच्या हमीभावाने तिची किंमत सुमारे १८२ रुपये. तेवढी रक्कम कापून माल घ्यावा. १८२ रुपयांच्या पाण्यासाठी अख्खा क्विंटल नाकारला जातो आणि शेतकरी त्याहून कितीतरी अधिक तोटा सोसून तो बाहेर विकतो, हा अन्याय आहे. अशी तरतूद हंगामाआधीच व्हावी, यासाठी आपण शासनाकडे शिफारस करावी. केंद्रांवरील नोंदणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी, बारदानाचा साठा आधी तपासावा आणि प्रत्येक केंद्रावरील ओलावा मापकाची पडताळणी करून तारखेसह तसा फलक लावावा. बटईने कसणाऱ्याला सातबारा स्वतःच्या नावावर नसल्याने नोंदणीच करता येत नाही. मालकाच्या संमतिपत्रावर त्याचा माल घेतला जावा.

थांबण्याची ताकद देणारी योजना आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. चांगली योजना आहे, पण सात-आठ कट्टे घेऊन तालुक्याच्या गोदामापर्यंत जाणे कोणालाच परवडत नाही. गावच्या सोसायटीच्या गोदामात गटाने एकत्र माल ठेवून हे कर्ज मिळावे.

उताऱ्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण कमी उताऱ्याचा दोष नेहमी शेतकऱ्यावर येतो. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मळणीत मार बसला की दाणा दिसतो चांगला, पण उगवत नाही. दुबार पेरणी म्हणजे एकरी तीस किलो बियाणे पुन्हा आणि पंधरा दिवस वाया. हे पीक स्वपरागीत असल्याने घरचे बियाणे दोन-तीन वर्षे चालते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सत्तर उगवले की ते पेरायला योग्य. ही चाचणी कृषी सहायकांनी पेरणीआधी प्रत्येक गावात बसून करून दाखवावी. रुंद वरंबा सरी पद्धतीची शिफारस परभणीच्या कृषी विद्यापीठाने केली आहे. जास्त पावसात पाणी निघून जाते, उघडिपीत ओल टिकते. मात्र यंत्र मोठ्या शेतकऱ्याकडे असते आणि आमची पाळी येईपर्यंत वाफसा जातो. सर्कलनिहाय ही यंत्रे भाड्याने मिळावीत आणि पहिला हक्क पाच एकरांखालील शेतकऱ्यांचा असावा.

खतांच्या लिंकिंगबाबत एवढेच की डीएपीच्या पोत्याबरोबर नको ती बाटली गळ्यात मारली जाते. तेलबियांना गंधक लागते, ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळते आणि तेच वेळेवर दुकानात नसते. भरारी पथकांनी पेरणीच्या आठवड्यात दुकाने तपासावीत.

या मागण्यांवर पेरणी संपण्याआधी आपल्या दालनात जिल्हा पणन अधिकारी व जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्यासह बैठक घ्यावी आणि झालेल्या निर्णयाची प्रत आम्हाला लेखी द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
औसा तालुक्यातील अल्पभूधारक सोयाबीन उत्पादक शेतकरी
(सह्या सोबत जोडल्या आहेत)
जून २०२५