शितावरून भाताची परीक्षा

परदेशी गेलेल्या भारतीयांचे यश हा आपल्याकडे अभिमानाचा विषय आहे. अमेरिकेतल्या आपल्या डॉक्टरांची, इंजिनिअरांची, प्राध्यापकांची उदाहरणे घरात, वर्गात आणि स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर नेहमी दिली जातात. यंदाच्या वादविवाद स्पर्धेतही ‘विद्येची ओढ आपल्या रक्तातच आहे’ असे एका वक्त्याने ठणकावून सांगितले आणि टाळ्या मिळवल्या. अभिमानाशी माझे भांडण नाही. पण हा रक्ताचा सिद्धांत मात्र तपासून पाहिला पाहिजे, असे मला वाटते. कारण जे यशाचे श्रेय रक्ताला देतात, ते उद्या दुसऱ्या कुणाच्या अपयशाचा दोषही रक्तालाच देतील.

आधी वस्तुस्थिती पाहू. २०१९ साली अमेरिकेत राहणाऱ्या पंचविशीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७५ टक्के पदवीधर होते. सर्व अमेरिकनांत हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. उत्पन्नातही भारतीय कुटुंबे तिथल्या सर्वसाधारण कुटुंबांच्या बरीच पुढे आहेत. आता आपल्या देशाकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार १२१ कोटी लोकसंख्येत पदवीधर सात कोटींहूनही कमी होते. रक्त तेच, मग ही तफावत कशाने पडली? याचे उत्तर ना गंगेच्या पाण्यात आहे, ना अमेरिकेच्या हवेत. ते आहे अमेरिकेच्या दारावर.

या दाराचा इतिहास बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काही हजार पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात आणि आसपास गेले. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, शेतात ते राबले. त्यांचे कष्ट काय कमी होते? पण १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक भागांतून येणाऱ्यांना दार बंद झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. नागरिकत्व नाही म्हणून कॅलिफोर्नियात जमीनही नावावर होईना.

दलीपसिंग सौंद यांचे चरित्र या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. १९२० मध्ये ते शिकायला अमेरिकेत गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी बर्कली येथे गणितात डॉक्टरेट मिळवली. हा गणितज्ञ पुढे कितीतरी वर्षे इंपीरियल व्हॅलीत शेती करत राहिला. १९४६ साली कायदा बदलला, १९४९ साली ते नागरिक झाले, आणि १९५६ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. बुद्धी तीच होती, पदवी तीच होती, माणूसही तोच होता. बदलला होता तो कायदा.

खरा पालट झाला १९६५ च्या कायद्याने. देशवार कोट्याची जुनी पद्धत त्याने मोडीत काढली, आणि नातेवाइकांबरोबरच उच्चशिक्षितांना व कुशल माणसांना प्राधान्य दिले. पुढे १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ व्हिसा आला. त्यालाही साधारणपणे पदवीची अट आहे. म्हणजे दारावर चाळणी लावलेली आहे. आत गेले ते चाळून गेलेले! आपण शितावरून भाताची परीक्षा करतो खरी, पण इथे शिते आधीच निवडून काढलेली आहेत, त्याचे काय?

शिवाय हे दाणे पिकवायला खर्च कुणी केला? आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि आय. आय. टीं.नी. म्हणजे पर्यायाने ज्यांची मुले तिथवर कधी पोहोचली नाहीत, अशांनीसुद्धा.

आता दुसरी चाळणी पाहू. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणचे मराठी लोकही होते. त्या मळेवाल्यांना पदवीधर नको होते, ऊस तोडणारे हात हवे होते. त्यांनी तेवढेच निवडले. साहजिकच त्या मजुरांच्या मुलांत डॉक्टर दिसायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. १९७७ पासून तिथे माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि मजुरांच्या वंशजांना शाळेची वाट रुंद झाली. तेव्हा ‘रक्त’ अचानक सुधारले, असे कुणी म्हणेल काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये गेले. त्यांना कुणी पदव्या पाहून निवडले नव्हते, बहुतेकांची मालमत्ताही मागेच राहिली होती. तरीही एका पिढीत त्यांनी दुकाने, उद्योग उभे केले. मग हे कसे? माझे उत्तर असे, की पेढी जप्त करता येते, पण हिशेब ठेवण्याची अक्कल जप्त करता येत नाही. व्यापाराचा अनुभव, इंग्रजीची ओळख, अडीनडीला हात देणारे जातभाई हे सारे त्यांच्याबरोबर गेले. कष्ट, काटकसर, मुलांच्या अभ्यासावर आईबापांची नजर यांचे मोल मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच, की या गुणांना रुजायला जमीन लागते. ती कुणाला बापजाद्यांकडून मिळते, तर कुणाला कायद्याकडून. ज्यांना कुठूनच मिळत नाही, त्यांचे गुण वाया जातात.

हे सारे मी सातासमुद्रापलीकडचे कशासाठी सांगते आहे? कारण स्थलांतर करणारे लोक आपल्या दारातही आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीची माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजदाद होते. पहाटेच्या थंडीत ती फडात उतरतात आणि कितीतरी मुले पाच-सहा महिने शाळेला मुकतात. यांच्याइतके कष्ट अमेरिकेतला आपला कुठला इंजिनिअर करतो? तरीही ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असे आपल्यातले सुशिक्षित सहज बोलून जातात. अमेरिकेत गेलेला तो कर्तबगार आणि फडावर गेलेला तो मागासलेला! दोघेही पोटासाठीच गाव सोडून गेले. एकाला बोलावणाऱ्याने पदवी मागितली, दुसऱ्याकडे कोयता.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण आपापल्या घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. आपण इथवर आलो ते केवळ हुशारीच्या बळावर नव्हे. गावात शाळा होती, एस. टी. होती, फीची सवलत होती, एखाद्या गुरुजींनी नाव घालायला घरी येऊन गळ घातली होती. आपल्याइतकीच हुशार मुले मागे राहिली, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. म्हणून परदेशातल्या आपल्या माणसांचे कौतुक जरूर करावे; पण त्याबरोबर हेही विचारावे, की साखर कारखान्याच्या तळावर, कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या मुलीसाठी दार कोण उघडणार? तिच्या रक्तात काय आहे, हे ती शाळेत बसल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.