रस्त्याखालची माती कोण तपासणार?

पावसाळा संपला की मोहल्ल्यात रस्त्याची चर्चा सुरू होते. डांबर कमी घातले, थर पातळ केला, ठेकेदाराने पैसे खाल्ले. यातले काही खरेही असेल. पण आपले सगळे भांडण वरच्या थरावरून असते. गाड्यांचा भार शेवटी पेलते ती खालची दाबलेली जमीन. अभियंते तिला सबग्रेड म्हणतात.

महामार्गांच्या आराखड्यात हा थर ५०० मिलिमीटरचा धरतात. प्रयोगशाळेत त्या मातीची जी कमाल कोरडी घनता येते, तिच्या किमान ९७ टक्के घनता जागेवर यावी, असे केंद्रीय मानक सांगते. त्यासाठी मातीत योग्य ओलावा हवा आणि थराथराने रोलर फिरायला हवा. मातीची ताकद सीबीआर चाचणीने मोजतात. नमुना चार दिवस पाण्यात ठेवून त्यात दट्ट्या दाबतात आणि त्याचा प्रतिकार प्रमाणित खडीच्या तुलनेत टक्क्यांत काढतात.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिजल्यावर तिचा सीबीआर अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येतो. जास्त रहदारीच्या रस्त्यांना मात्र किमान ५ टक्के लागतात. म्हणून ती काढून चांगला मुरूम भरतात किंवा तिच्यात चुना मिसळतात. शेजारचे गटार तुंबलेले असेल तर पाणी खाली मुरते आणि हा खर्चही वाया जातो.

आपल्या वस्त्यांना रस्ते उशिरा मिळतात, ही तक्रार रास्त आहे. पण रस्ता मंजूर झाला की आपण नगरसेवकाला हार घालतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो. खोदलेला रस्ता उघडा असतो ते दोन-चार दिवसच खरी तपासणी होऊ शकते. डांबर पडल्यावर पुरावा झाकला जातो.

माहिती अधिकार कायदा २००५ कामाची पाहणी करण्याचा, नोंदींच्या प्रमाणित प्रती मागण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देतो. अर्जाला १० रुपये लागतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून जेसीबी येण्याची वाट पाहू नका. कार्यादेश निघताच अर्ज करा. अंदाजपत्रक, सीबीआर आणि घनतेचे चाचणी अहवाल, मोजमाप पुस्तिका मागा. काम सुरू झाले की रोज तारखेसह फोटो काढा.

रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणे हा ईमानाचाच भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कच्च्या भरावातून पुढच्या पावसात पडणारा खड्डा त्या दगडापेक्षा जास्त घातक आहे. तो पडण्याआधी अडवणे हेही त्याच शिकवणीत येते. प्रत्येक मोहल्ल्यात दोघे-तिघे तरुण एवढे काम करू शकतात. सुरुवात तुमच्याच गल्लीपासून करा.