घासूनपुसून

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात काळवंडलेल्या वस्तूंची धडगत नसते. चिंचेच्या कोळाने समया उजळतात, तांब्याचे बंब लखलखतात. गेल्या वर्षी हा उत्साह मलाही चढला आणि माझी नजर आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीवर गेली.

अंबाजोगाईत जुन्या घरी बंदूक निघाली तर त्यात नवल नाही. गावाला मोमिनाबाद म्हणत तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आमची बंदूक कुठून आली ते ठाऊक नाही. परवाना मात्र आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे रीतसर आला.

नळीवर तपकिरी थर होता. मी त्याला गंज समजलो. पॉलिशपेपर घेऊन दोन रविवारांत नळीचा आरसा केला. दस्त्यालाही व्हार्निश दिले. सौ. म्हणाल्या, "आता कशी घरात शोभते!"

तुळशीच्या लग्नाला एक वयस्कर पाहुणे आले. जुन्या शस्त्रांचे जाणकार. त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारले, "सर, इथे काही अक्षरे होती का हो?"

होती. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवीत असे.

पाहुण्यांनी समजावले ते असे. तो तपकिरी रंग जुने कारागीर मुद्दामच आणीत. लोखंडावर बेताबेताने गंज चढवून. लाल, भुगा सुटणारा गंज नळी खातो, तो वेगळा. कारागिराचे नाव, चाचणीचे शिक्के यांवरून बंदुकीचे गाव आणि काळ ठरतो. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ सालचे. त्याचा शिक्का ही बंदुकीची जन्मपत्रिकाच. संग्राहक पैसे मोजतो ते या पुराव्याचे. पॉलिशने तोच जातो, आणि किंमतही. सर्रास मिळणारी साधी बंदूक असेल, किंवा आधीच कुणी घासलेली असेल, तर नव्या रंगाने फारसे बिघडत नाही. पण ते जाणकाराने ठरवावे. जुनी बंदूक भरलेली राहिली आहे का, हेही आधी त्यानेच पाहावे. मग कोरडे फडके आणि हलके तेल पुरते. दुरुस्तीसाठी मात्र परवानाधारक कारागीरच हवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ते बंधन घातले आहे.

मला लाज वाटली ती निराळ्याच कारणाने. मुकुंदराजांची समाधी आमच्या गावाजवळ. त्यांच्या 'विवेकसिंधू'वर शके १११० हा काळ नोंदलेला, पण हाती आलेल्या पोथ्यांची भाषा पुष्कळ अलीकडची वाटते. नकलकारांनी सद्हेतूने जुनी रूपे 'सुधारली' आणि पंडितांना वादाला विषय मिळाला. त्या नकलकारांना मी दरवर्षी वर्गात दोष देतो. घरी मीही तेच केले, आणि तेही तितक्याच सद्हेतूने!

बंदूक मला विकायची नव्हतीच. तेव्हा पैशांचा तोटा झाला असे म्हणवत नाही. पण माझ्या मुलाला त्या अक्षरांवरून बोट फिरवता येणार नाही.

यंदा चिंच स्वयंपाकघरातच राहिली आहे. मी आठवतील तशी ती अक्षरे कागदावर उतरवून परवान्याबरोबर ठेवली आहेत. तीन अक्षरे नक्की आहेत. चौथ्याबाबत माझ्यात आणि धाकट्या भावात पाठभेद आहे.