चौपाटीवरचे उड्डाण आणि ‘संदर्भ हवा’

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, हे वाक्य ज्ञानकोशात लिहावे की नाही, आणि लिहायचे तर कसे, हा मराठी विकिपीडियावर विमानविद्येचे लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवकांपुढचा अवघड प्रश्न आहे. कोणी ते ठामपणे लिहावे म्हणतो, कोणी सगळा लेखच काढून टाकावा म्हणतो. तिसरा कोणीतरी वाक्य तसेच ठेवून त्यापुढे ‘संदर्भ हवा’ हे दोन शब्द जोडतो. या दोन शब्दांवर राग धरणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा पक्ष त्या दोन शब्दांचा आहे.

आधी निर्विवाद गोष्टी. तळपदे यांचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. सर ज. जी. कला विद्यालयाशी त्यांचा संबंध होता आणि ते आर्य समाजाच्या विचारांचे होते. स्वामी दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात वेदांतील नौका आणि विमाने यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या विचाराची छाप तळपदे यांच्यावर होती. १९०७ मध्ये त्यांचे ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. विमान या विषयाने झपाटलेला, त्यासाठी संस्कृत ग्रंथ चाळणारा आणि मराठीत लिहिणारा एक माणूस मुंबईत होता, इतके निःशंकपणे म्हणता येते.

दंतकथा याच्या पुढे सुरू होते. विमान माणसाशिवाय उडाले, १५०० फूट उंच गेले आणि खाली कोसळले. ते पाऱ्याच्या शक्तीवर चालत होते. पाहायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते. बातमी ‘केसरी’त आली होती. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण हा सांगाडा सगळीकडे सारखाच.

‘केसरीत छापून आले होते’ हा या कथेचा सर्वांत मोठा आधार मानला जातो. पण ज्ञानकोशात वर्तमानपत्राचा आधार द्यायचा म्हणजे अंकाची तारीख, पान आणि मजकूर द्यायचा. ‘केसरी’ साप्ताहिक होते. एका वर्षाचे जेमतेम पन्नासएक अंक. त्यातला नेमका कोणता, हे कथा सांगणारे सांगत नाहीत. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लिहिले म्हणून तिसऱ्याने, अशी ही साखळी आहे आणि तिचे पहिले टोक कोणाच्याच हातात नाही. शंभर लेखांनी एकमेकांच्या भरवशावर तेच वाक्य उतरवले, तरी साक्षीदार शंभर होत नाहीत.

उद्या तो अंक मिळाला तरी काम तिथे संपत नाही. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे, सर्वांत लांब ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. दुसऱ्या दिवशी नॉरफोकच्या ‘व्हर्जिनियन पायलट’ या पत्राने हे यंत्र तीन मैल उडाल्याचे छापले. उड्डाण खरे आणि बातमी खोटी, असा हा प्रकार. याच्या उलट प्रकारही अमेरिकेतलाच. १८९६ आणि १८९७ मध्ये तिथल्या कित्येक पत्रांनी रात्रीच्या आकाशात दिवे लावून जाणारी गूढ हवाई जहाजे दिसल्याच्या बातम्या छापल्या. टेक्सासमधल्या ऑरोरा गावी तर एक जहाज पवनचक्कीवर आदळल्याचेही छापून आले. तशी जहाजे त्या वेळी तिथे कोणाकडेच नव्हती. समकालीन बातमीवरून ‘त्या काळी असे बोलले जात होते’ एवढे सिद्ध होते. यंत्र उडाले हे सिद्ध करायला आणखी काही लागते.

ते काय, याचा नमुना त्याच काळात सापडतो. सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे बिनमाणसाचे यंत्र, ‘एरोड्रोम क्रमांक ५’, ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे उभे होते. त्यांनी छायाचित्र घेतले आणि पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले. यंत्र आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने जपून ठेवले आहे. साक्षीदाराचा स्वतःचा लेख, छायाचित्र आणि वस्तू, तिन्ही हजर. चौपाटीच्या कथेत यांपैकी एकही नाही. रानडे आणि सयाजीराव दोघेही लिहिणारे-बोलणारे होते आणि दोघांच्या चरित्रांची साधने विपुल आहेत, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यावी.

दुसरा आधार ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा दिला जातो. भरद्वाज ऋषींच्या या ग्रंथावरून तळपदे यांनी यंत्र बांधले, असे सांगतात. इथे तारखाच आड येतात. हा मजकूर पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला आणि तो १९१८ ते १९२३ या काळात उतरवला गेला. त्यातली चित्रे १९२३ मध्ये एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची कसून चिकित्सा केली. ग्रंथाची भाषा वैदिक नाही, तो १९०० नंतरचा आहे आणि त्यात वर्णन केलेली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे अभ्यासक भारतीय होते, त्यांनी संस्कृत मूळ तपासले आणि वायुगतिकीचे हिशेब मांडले. मजकूर आधी मौखिक परंपरेत होता असे कोणी म्हणेल, तर तो वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. गोऱ्यांचे दावे जग मुकाट्याने मान्य करते आणि पुरावा मात्र आपल्याकडे मागते, असा हा आक्षेप. पारतंत्र्याच्या काळात आपल्या लोकांच्या कामाची उपेक्षा झाली, हे खरेच आहे. पण विमानांच्या इतिहासात गोऱ्यांचे दावे मुकाट्याने मान्य झाले, हे मात्र खोटे आहे. फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांचे वाफेचे यंत्र ९ ऑक्टोबर १८९० रोजी जमिनीपासून वीतभर उचलले जाऊन सुमारे ५० मीटर गेले. पुढे १९०६ मध्ये त्यांनी १८९७ साली ३०० मीटर उड्डाण केल्याचे जाहीर केले, पण नंतर फ्रेंच लष्कराचाच जुना अहवाल बाहेर आला आणि हा दावा टिकला नाही. गुस्ताव व्हाइटहेड यांनी ऑगस्ट १९०१ मध्ये कनेक्टिकटमध्ये उड्डाण केले असे ‘ब्रिजपोर्ट हेरल्ड’ने छापले होते. २०१३ मध्ये त्या राज्याने त्यांना पहिलेपणाचा मान देणारा कायदाही केला. तरी उडत्या यंत्राचे छायाचित्र नाही, म्हणून बहुतेक इतिहासकार तो दावा मानत नाहीत आणि ज्ञानकोशातही तो दावा म्हणूनच नोंदलेला असतो.

सर्वांत बोलके उदाहरण स्मिथसोनियन संस्थेचे. लँगली तिचे प्रमुख होते. त्यांचे माणूस वाहून नेणारे मोठे यंत्र १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले. १९१४ मध्ये त्यात फेरफार करून ते थोडे उडवले गेले आणि संस्थेने ते ‘उडू शकणारे पहिले विमान’ म्हणून मांडले. ऑर्व्हिल राइट इतके दुखावले की त्यांनी आपले विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिले. संस्थेने चूक छापील रूपात मान्य केली ती १९४२ मध्ये, आणि विमान वॉशिंग्टनला आले १९४८ मध्ये. इतकी मोठी, पैसेवाली, विद्वानांनी भरलेली संस्था पाव शतकाहून अधिक काळ आपल्या माणसाच्या प्रेमापोटी चुकीची पाटी लावून बसली होती. तळपदे यांना जो प्रश्न विचारला जातो, तोच लँगली यांच्या बाबतीतही विचारला गेला. कसोटी एकच आहे.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ही भाकडकथा आहे, तेव्हा लेखच नको, असे ते म्हणतात. हेही चूक. कथा सिद्ध होत नाही, पण ती सांगितली जाते ही वस्तुस्थिती आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद पेटला. त्याच महिन्यात तळपदे यांच्या कथेवर बेतलेला ‘हवाईजादा’ हा चित्रपट आला. हे पाहिलेले मूल विकिपीडियावर नाव शोधते. नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या शहापूरमध्ये शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलीपाशी विमानविद्येच्या इतिहासाचे ग्रंथालय नसते, मोबाइल असतो. तिला पान रिकामे मिळाले, तर ती पुढच्या दुव्यावर जाईल आणि तिथे पाऱ्याचे इंजिन तिची वाटच पाहत असेल. लेख हवा. त्यात माणूस, त्याचे पुस्तक, दावा, दाव्याचा उगम आणि अभ्यासकांचे मत हे सगळे हवे, ज्याचे त्याच्या नावावर.

हौशी लोकांनी असले काम करू नये, हा विद्वानांचा आक्षेपही जुनाच आहे. ज्ञानकोश म्हणजे संपादक मंडळ, ही मराठीची सवय आहे आणि ती चांगल्या कामातून आली आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोश आकाराला आला. या परंपरेचे मोल कमी होत नाही. पण छापील खंडातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, आणि मराठीत पुढची आवृत्ती बहुधा निघत नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये ४२ विज्ञानविषयक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. इंग्रजी विकिपीडियात एका लेखामागे सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडक आक्षेप घेतले, ते नोंदवूनही असे म्हणता येते की दोघांमधले अंतर लोक समजतात तेवढे नव्हते.

या कामाची रीत जवळून पाहिली की भरवसा कुठून येतो ते कळते. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते त्यात कायम राहते. ‘जगातील पहिले विमान’ हे शब्द रात्री कोणी घातले, तर ज्याच्या पहाऱ्याच्या सूचीत ते पान आहे त्याला ते दिसतात. तो बदल उलटवतो किंवा ‘दावा केला जातो’ अशी दुरुस्ती करतो. मग चर्चापानावर वाद होतो, न मिटला तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, जातो. नवख्याने धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) हात बसवावा, सांगकाम्याने (बॉटने) यांत्रिक कामे करावी, माणसाने वाचावे आणि पारखावे, अशी वाटणी आहे. विद्वानाला यात मज्जाव नाही. त्यालाही इतरांसारखाच संदर्भ द्यावा लागतो, इतकेच.

खरी उणीव वेगळी आहे. इंग्रजीत विमाने आणि हवाई जहाजे यांवरच्या लेखांसाठी स्वयंसेवकांचे स्वतंत्र प्रकल्प आहेत. मराठीत हात थोडे, म्हणून सगळी शक्ती एका चौपाटीच्या वादात जिरते आणि बाकी आकाश मोकळे राहते. साध्या शब्दापासून अडचण आहे. ‘हवाई जहाज’ म्हणजे हिंदीत विमान. भंडाऱ्याकडे मराठी आणि हिंदी दोन्ही कानांवर पडत असल्याने तिथला वाचक त्या शब्दाने विमानच समजणार. म्हणून लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगायला हवे की इथे हवेपेक्षा हलक्या वायूने तरंगणारे, इंजिनाने पुढे जाणारे आणि सुकाणूने वळवता येणारे यान अभिप्रेत आहे. आंरी जिफार यांनी २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून तीन अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर सुमारे २७ किलोमीटर नेले ते हेच. झेपेलिन यांचे पहिले जहाज २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर उडाले तेही हेच. हिंडेनबर्ग १९३७ मध्ये जळाले, तेव्हा त्यातील सगळे मेले अशी समजूत आहे. प्रत्यक्षात जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले. अशी एकेक समजूत दुरुस्त करणे हेच स्वयंसेवकाचे काम.

मराठी लेखात मराठी वाचकाला भिडणारा भागही हवा. ब्रिटिशांचे आर १०१ हे ७७७ फूट लांबीचे हवाई जहाज हिंदुस्थानला यायला निघाले होते आणि त्यासाठी कराचीला उतरण्याचा मनोरा आणि प्रचंड शेड बांधून तयार होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळले, ५४ पैकी ४८ माणसे गेली आणि इंग्लंडने हवाई जहाजांचा नाद सोडला. ती शेड रिकामीच राहिली. मुंबई इलाख्याच्या दारापर्यंत आलेला हा इतिहास, पुराव्यांनी भरलेला आणि मराठीत जवळजवळ न सांगितलेला. चौपाटीच्या एका वाक्यावर खर्ची पडणाऱ्या श्रमांतले निम्मे जरी इकडे वळले, तरी लेख उभा राहील.

हीच शिस्त गावाच्या लेखालाही लागू पडते. शहापूर नावाची गावे अनेक आहेत. ठाणे जिल्ह्यातले तालुक्याचे, बेळगावचे, यादगीर जिल्ह्यातले आणि भंडारा जिल्ह्यातले. माहुली किल्ला ठाण्याच्या शहापूरजवळ, जवाहरनगरची आयुधनिर्माणी भंडाऱ्याच्या शहापूरजवळ. यांची सरमिसळ थांबवायला विद्वान लागत नाही, गाव ठाऊक असलेला आणि छापील आधार देणारा माणूस लागतो. ज्याने गावाच्या पानावर हे शिकून घेतले, त्याला विमानाच्या पानावर दावा आणि घटना वेगळ्या करता येतात.

तळपदे यांच्या उड्डाणावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी ‘संदर्भ हवा’ हे शब्द खोडण्यात वेळ घालवू नये. ग्रंथालयांत ‘केसरी’च्या बांधीव फायली आहेत. मुंबईतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर १८९५ च्या रोजनिशा आणि पत्रे पडून असतील. ती उघडावीत, कागद सापडल्यास पानाचे छायाचित्र, अंकाची तारीख आणि मजकूर चर्चापानावर ठेवावा. तोपर्यंत ‘दावा केला जातो’ हेच शब्द त्या लेखात राहायला हवेत.