चढावर गाडी का दमते?



पाचवीतला एक मुलगा मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. धोम धरणाच्या वरच्या अंगाला त्याची वाडी आहे. चेहरा पडलेला. म्हणाला, "गुरुजी, दादाची गाडी चढावर सारखी बंद पडतीय. परवा कॅनसकट मागं घसरली. निम्मं दूध सांडलं. दादा म्हणतो, ही विकून मोठ्या इंजिनाची घ्यायची. पण आई म्हणते, पैसं कुठनं आणायचं?"

वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती मुरूम, दगड आणि चढउतार. सकाळी संकलन केंद्र बंद व्हायच्या आत दूध पोचलं नाही, तर त्या दिवसाची कमाई गेली. प्रश्न गाडीचा नव्हता, घराचा होता. म्हणून ठरवलं, या वेळी आपल्या पानावर हाच विषय घ्यायचा.

आता सांगा, कडबाकुट्टी किती जणांनी फिरवली आहे? त्याचं ते लोखंडी जड चाक आठवा. चाक जोरात फिरत असलं की कडब्याची पेंडी कशी सपासप कापली जाते! पण चाक मंद असताना पेंडी घातली तर? चाक जागच्या जागी अडकतं. पेंडी तीच, पातं तेच. फरक फक्त वेगाचा. फिरणाऱ्या चाकात जोर साठलेला असतो, आणि वेग निम्मा झाला की तो निम्मा नाही, पाव होतो! हे नीट लक्षात ठेवा. सगळी गंमत इथेच आहे.

मोटारसायकलच्या इंजिनातही असंच एक जड चाक असतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलचा भडका दोन फेऱ्यांत एकदाच होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला समजा १४०० फेरे घेतं, म्हणजे भडके ७००. सेकंदाला साधारण बारा. दोन भडक्यांच्या मधे हवा ओढायची, दाबायची, धूर बाहेर टाकायचा, ही सगळी कामं फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर होतात. चढावर ओझं वाढलं, फेरे कमी झाले, की हा साठा झपाट्याने आटतो. एका क्षणी हवा दाबण्याइतकाही जोर उरत नाही. फट्! गाडी बंद.

म्हणजे चढाला लागतो तो कमी फेऱ्यांतला जोर. पळण्याची ताकद वेगळी आणि ओढण्याची वेगळी. दोन इंजिनं शेजारी ठेवून बघू. पुणे जिल्ह्यातल्या चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर भारतात २०२० साली आली. तिच्या त्या वेळच्या इंजिनाचा सिलिंडर ८९ मिलिमीटर रुंद आणि दट्ट्याची धाव ६० मिलिमीटर. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनचा सिलिंडर ७८ मिलिमीटर, धाव मात्र ८६. केटीएमची ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती, हिमालयनची सुमारे २४. पण केटीएमचा सर्वांत जास्त पीळ मिळतो ७००० फेऱ्यांना, तर हिमालयनचा ४००० ते ४५०० च्या दरम्यान. म्हणून दगडधोंड्यांच्या वाटेवर हळू चालवताना कमी अश्वशक्तीची हिमालयन निवांत ओढते. जुन्या साडेतीनशेच्या बुलेटचंही तेच. सिलिंडर ७० मिलिमीटर, धाव ९०, आणि फ्लायव्हील भलं जड.

मग दादाने नवी गाडी घ्यायची का? थांबा. आधी आहे तिच्याकडे बघू.

रविवारी मी, दादा आणि ओळखीचे एक मिस्त्री असे बसलो. एअर फिल्टर उघडला तर आत मुरमाची लाल धूळ. नाक चोंदल्यावर तुम्हाला चढ चढवेल का? दुसरं, दादाने पेट्रोल वाचावं म्हणून स्लो कमी करून ठेवलेला. इंजिन आधीच बंद पडण्याच्या काठावर. कार्बोरेटरमधला स्लोचा बारीक जेट कचऱ्याने अर्धा बुजलेला. प्लग काजळीने काळा. हे सगळं साफ केलं, स्लो बेताचा वाढवला, टॅपेट आणि क्लचची तार तपासून घेतली. खर्च? एका प्लगचा आणि मिस्त्रींच्या चहाचा!

एक गोष्ट उंचीचीही असते. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की आपण सुमारे सहाशे मीटर वर येतो. हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते. साधा कार्बोरेटर पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच सोडतो, म्हणून इंजिन गुदमरल्यासारखं होतं. २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, ते हवा ओळखून पेट्रोल कमी-जास्त करतं.

त्यानंतर मिस्त्रींनी चेनसॉकेटचा उपाय सांगितला. इथे तुमचं गणित कामाला येतं. समजा पुढच्या चक्राला १४ दाते आणि मागच्याला ४२. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पुढे १३ दात्यांचं चक्र बसवलं तर ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३. मागच्या चाकावरचा जोर जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढला! तेवढाच जोर मागच्या चक्राने वाढवायचा तर ४२ चे ४५ दाते करावे लागतील. म्हणजे पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांच्या बरोबरीचा. पण फुकट काही मिळत नाही. सपाटीला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फेरे घेतं, पेट्रोल थोडं जास्त लागतं.

आणि चालवण्याची पद्धत? दादा चढ दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करायचा आणि गाडी धापा टाकायला लागली की पहिला टाकायचा. तोवर उशीर झालेला असायचा. चढाच्या आधीच पहिला गिअर, क्लचवर बोटं तयार, फेरे पडताहेत असं वाटलं की किंचित हाफ क्लच. आणि कॅन मागे लोंबते न ठेवता खाली आणि शक्य तितके पुढे बांधायचे, नाहीतर पुढचं चाक हलकं होतं.

काही मोठी मुलं सायलेन्सरची पुंगळी काढतात आणि म्हणतात, गाडीची ताकद वाढली. वाढतो तो आवाज! कमी फेऱ्यांतला जोर त्याने वाढत नाही, उलट बऱ्याचदा घटतो. शिवाय तो गुन्हा आहे. गिअरची गाडी १८ वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळाल्याशिवाय चालवणं हाही गुन्हाच, आणि २०१९ पासून त्यात पालकांनाही शिक्षा होते. तेव्हा तुम्ही फक्त बघायचं, मोजायचं आणि विचारायचं.

गेल्या सोमवारी तो मुलगा शाळेच्या फाटकातूनच ओरडला, "गुरुजी, आठ दिवसांत एकदाबी बंद पडली नाही!" गाडी विकायचा विषय घरात बंद झाला आहे.

आता तुमचं काम. आपली सायकल उलटी ठेवा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजून भागाकार करा. मग पायडल हाताने एकदा पूर्ण फिरवा आणि मागचं चाक किती फिरतं ते वहीत लिहा. बोटं मात्र चेनपासून लांब! दोन्ही उत्तरं जुळली का? नसतील जुळली तर चूक कुठे झाली, ते शोधा आणि मला पत्राने कळवा.

तुमचे,
गुरुजी