जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं : ‘याच्यात अकरा बसत नाही, नवा घ्या.’ यातलं पहिलं वाक्य बऱ्याचदा खरं असतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, आणि २०१७च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. दुसऱ्या वाक्यावर मात्र लगेच पैसे काढू नका.

आधी दोन दिवस एक कागद जवळ ठेवा आणि कामासाठी काय काय उघडता ते लिहा. शेजारची एक मुलगी साताऱ्यात बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. तिच्या कागदावर चारच गोष्टी आल्या : जीमेल, गुगल शीट्स, मीट आणि कंपनीचं पोर्टल. चारही क्रोममध्येच उघडणाऱ्या. फायली सर्व्हरवर, मशीनमध्ये जवळपास काहीच नाही. मग खाली विंडोज असलं काय, नसलं काय! कंपनीला विचारून आम्ही विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवलं, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता. कॅमेरा, माइक, वायफाय, मराठी टायपिंग, सगळं तपासलं. नंतरच बॅकअप घेऊन ते इन्स्टॉल केलं. मिंट फुकट आहे आणि चार जीबी रॅमवर चालतं. गुगलचं क्रोमओएस फ्लेक्सही फुकटच.

पण तुमच्या कागदावर टॅली असेल, श्रीलिपीतला जुना मजकूर असेल, डिजिटल सहीचं टोकन लावून टेंडर भरायची असतील, तर हा खटाटोप करू नका. तिथे विंडोजच हवं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. पूर्वी मशीन बिघडलं की काम बुडायचं. आता फायली सर्व्हरवर असल्या की लॅपटॉप पडला, फुटला तरी दुसऱ्यावर लॉगइन करून दहा मिनिटांत काम सुरू होतं. ज्या खात्याने लॉगइन करता ते हातचं गेलं तर मात्र सगळंच अडतं. तरीही त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अनेकांनी कधीच बंद केलेल्या सिमचा असतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतो. नव्या लॅपटॉपचं नंतर बघा. आज खातं उघडा आणि तिथे कोणता नंबर आहे ते तपासा.