पंचांनाही हवी खिलाडूवृत्ती

मैत्रिणींनो, खिलाडूवृत्तीचे धडे आपण नेहमी खेळणाऱ्यांनाच देतो. हरलीस तरी हसून हात मिळव, पंचांशी हुज्जत घालू नकोस. बरोबरच आहे ते. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णयावर चिडलेल्या एका मल्लाने पंचांना लाथ मारली, तेव्हा सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. तीन वर्षांची बंदीही घातली गेली. त्या वागण्याची बाजू मी घेणार नाही. पण ज्यांच्या हातात शिट्टी असते, त्यांच्या खिलाडूवृत्तीचं काय?

पंचांचं काम अवघड आहे, हे मान्य. डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय द्यायचा, उन्हात उभं राहायचं, वर दोन्हीकडच्यांची बोलणी खायची. चुका होणारच. माझी तक्रार चुकीबद्दल नाहीच, चुकीनंतर जो अहंकार आडवा येतो त्याबद्दल आहे.

डिसेंबर 1987 मध्ये फैसलाबादच्या कसोटीत इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा यांची भर मैदानात, बोटं रोखून बाचाबाची झाली. शोभलं दोघांनाही नाही. पण पुढे राणासाहेब अडून बसले, लेखी माफी मिळाल्याशिवाय मैदानात येणार नाही म्हणून! कसोटीचा अख्खा तिसरा दिवस वाया गेला. शेवटी गॅटिंगने कागदाच्या चिटोऱ्यावर माफी लिहून दिली, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला.

ते सगळे मोठे लोक. त्यांचं एका दिवसावर निभावलं. आपल्याकडच्या मुलींचं तसं नसतं.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शालेय कबड्डी सामन्यांना मी बक्षीस समितीवर होते. मुलींचा सामना अटीतटीचा चालला होता. चढाई करणारीने बोनस रेषा ओलांडली आणि पंचांनी गुण दिला. आता बोनस मिळायला समोर निदान सहा जणी लागतात, हे खेळणाऱ्या पोरींना पाठच असतं. मैदानात होत्या पाच. कर्णधार मुलगी पुढे होऊन म्हणाली, "सर, आम्ही पाचच आहोत. गुणलेखकांना विचारता का?" आवाज चढवला नाही, काही नाही. तर पंच कडाडले, "पंच तू का मी? मला शिकवतेस?" आणि खिशातून हिरवं कार्ड! गुणलेखक दहा पावलांवर कागद घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या मुली एका गुणाने हरल्या. हरण्याचं एवढं नाही हो. पण तिचे वडील पहिल्यांदाच सामना बघायला आले होते. दुसऱ्या दिवसापासून मुलीचा सराव बंद. शाळेच्या क्रीडाशिक्षिका आणि मी दोनदा घरी जाऊन आलो. ते एकच म्हणत राहिले, "ताई, पोरीला चारचौघांत बोलणी खायला पाठवायचं का?" काय उत्तर देणार? मुलीचा खेळ थांबवायला आपल्याकडे घरच्यांना एक निमित्त पुरतं.

पंचांनी दहा पावलं चालून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? 1980 मध्ये मुंबईत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. पंच हनुमंत राव यांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिलं. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला वाटलं, चेंडू बॅटला लागलाच नव्हता. त्याने पंचांना सांगून अपील मागे घेतलं, टेलरला परत बोलावलं. पुढे भारत तो सामना हरला. विश्वनाथचं कौतुक आजही होतं, व्हायलाच हवं. मला मात्र हनुमंत रावांचंही कौतुक वाटतं. भरल्या मैदानात एका खेळाडूच्या सांगण्यावरून त्यांनी आपला निर्णय फिरवला आणि त्यात कमीपणा मानला नाही. क्रिकेटच्या नियमांतही पंचाला आपला निर्णय लगेच बदलण्याची मुभा आहे.

जानेवारी 2023 मध्ये वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या तिघींनी पुरुषांच्या रणजी सामन्यांत पंच म्हणून काम केलं. यातल्या वृंदा आपल्या मुंबईच्या, आधी गुणलेखनही केलेल्या. तालुक्याच्या मैदानावर मात्र मुलींच्या सामन्यालाही बाई पंच शोधून सापडत नाही. (बाई असली म्हणजे अहंकार नसतो, असं मी म्हणत नाही बरं का! आमच्या रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक बाई आठवल्या की पुरे.)

यंदाच्या स्पर्धेआधी आयोजकांच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. कर्णधाराने नीट शब्दांत शंका विचारली तर कार्ड दाखवायचं नाही, आणि आकड्याचा प्रश्न असेल तर गुणलेखकाचा कागद बघितल्याशिवाय पुढची चढाई सुरू करायची नाही. एक पंच म्हणाले, "अशाने आम्हाला कोण विचारणार?" शेजारी बसलेले निवृत्त क्रीडाशिक्षक हसले. म्हणाले, "तीस वर्षं मी कागद बघूनच शिट्टी वाजवली. अजून बोलावतात की मला!" दुसरी गोष्ट मंजूर झाली. पहिलीवर पुढच्या बैठकीत बोलू, असं ठरलंय.